खाली जाळं बांधलंय का?

लोणंदला गाडी थांबते ती कांद्यासाठी, असं आम्ही बाहेरच्या पाहुण्यांना गमतीनं सांगतो. वर्षातून एकदा माउलींची पालखी नीरेत स्नान करून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा गाव वारकऱ्यांचं होतं. मुक्काम हलला की पुन्हा कांद्याचं. इथून तरडगावच्या वाटेला चांदोबाचा लिंब लागतो. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथं होतं. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत आणि मधून घोडे सुसाट. त्यातल्या एकाच्या पाठीवर कुणीच नसतं, ती जागा माउलींची. आमच्याकडच्या पोरांनी पाहिलेलं हे पहिलं थरारक दृश्य. दुसरं डोंबाऱ्याच्या खेळाचं. बाजाराच्या दिवशी बांबूच्या कैच्यांवर दोर ताणला जायचा, ढोलकं वाजायचं, आणि सात-आठ वर्षांची पोरगी हातात आडवी काठी धरून दोरावरून चालायची. आम्ही चार आणे टाकून घरी जायचो. ती शाळेत जाते का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझा भाचा इथल्याच एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, कंत्राटी. दोरीच्या मल्लखांबात त्याचा हात, खरं म्हणजे पाय, चांगला बसलेला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून तो वर चढतो, तेव्हा हातांना काही काम उरलंय असं वाटत नाही. सोमेश्वरनगर, साखरवाडी असे साखर कारखाने आमच्या आसपास आहेत. दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. पोरं बरोबरच असतात. मोठी लहानग्यांना सांभाळतात, लहानगी वाढ्यांच्या ढिगात खेळतात. भाचा संध्याकाळी तिथं जातो, चिंचेच्या फांदीला दोरी बांधतो आणि पोरांना लटकवतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. त्याच्या आईचं म्हणणं, याला घरी काम नको म्हणून हा तिकडं जातो. तिच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे.

तर या भाच्याला एक बोलावणं आलं. निरनिराळ्या देशांतली आठ-दहा माणसं, त्यात चेंडू झेलणारे, एक विदूषक, दोघं कसरतपटू, आपापल्या खर्चानं कंबोडियातल्या खेड्यांत जाणार होती. सकाळी पोरांना शिकवायचं, संध्याकाळी खेळ करायचा, महिना संपला की घरी. त्यांना दोरीवाला हवा होता.

"मामा, जाऊ का?"

मी म्हटलं, जायचं तर जा, पण त्याआधी अंकलखोपला जाऊन येऊ.

"तिथं काय आहे?"

खेळाचा शिक्षक असून त्यानं हे विचारलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची मिरजेकडची पॅसेंजर धरली.

लोणंद सोडलं की सालप्यानंतर आदर्कीचा घाट लागतो. गाडी दमानं डोंगराला वळसे घालत चढते आणि वाठारला आलं की माणसं पुन्हा बोलायला लागतात. जरंडेश्वर, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर. कऱ्हाडच्या पुढं हवा बदलते. रानं काळी होतात आणि दोन्ही बाजूंना नुसता ऊस. किर्लोस्करवाडीला भाच्यानं विचारलं, हे कारखान्याचं गाव म्हणजे तेच का? तेच. 1910 साली माळरानावर वसवलेलं. सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्यात माणसांना माळावर काहीतरी उभं करायची खोड आहे. कुणी नांगराचा कारखाना काढला, कुणी तंबू ठोकला.

भिलवडीला उतरलो. गाव स्टेशनापासून लांब आहे. तिथून घाटावर आलं की कृष्णा आडवी येते. पलीकडे औदुंबर, दत्ताचं ठिकाण, आणि त्याला लागूनच अंकलखोप. पुलावरूनही जाता येतं, पण आम्ही नावेनं गेलो. नदी शांत होती. हीच नदी 2019 साली आणि पुन्हा 2021 साली घरांत शिरली होती. पलीकडे चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांना विष्णुपंत छत्र्यांविषयी विचारलं, तर त्यांनी आधी पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. मग म्हणाले, "छत्रे म्हणजे सर्कशीचे ना? आमच्याच गावचे." त्यापुढचं मला त्यांना सांगावं लागलं आणि त्यांनी ते मन लावून ऐकलं.

विष्णुपंत ग्वाल्हेरला राहिले. हद्दूखाँकडे गाणं शिकले आणि तिथंच घोडे तयार करण्याची विद्याही मिळवली. पुढे संस्थानिकांच्या आश्रयानं राहिले. 1879 च्या सुमाराला मुंबईत इटलीच्या जुझेप्पे कियारिनीची सर्कस आली. सांगतात ते असं की, हिंदुस्थानात अशी सर्कस उभी राहायला अजून अवकाश आहे, असं कियारिनी बोलून गेला आणि छत्र्यांनी ते मनाला लावून घेतलं. पैज लागली की नाही, किती रुपयांची लागली, याच्या कथा सांगणाऱ्यागणिक बदलतात. एवढं नक्की की 1880 साली मुंबईत त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा खेळ झाला आणि आपल्या देशातली आधुनिक सर्कस तिथून मोजतात.

घोडेवाल्यानं सर्कस काढावी यात नवल नाही. लंडनमध्ये 1768 साली फिलिप ॲस्टलेनं जी सुरुवात केली तीही घोड्यावरून. तो घोडदळातला माणूस. घोडा गोलात पळत राहिला की पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला आत कलून तोल साधता येतो. त्यासाठी गोल केवढा हवा, ते करून बघत बघत 42 फूट व्यासावर आलं. आज सर्कशीत घोडा असो-नसो, रिंगण बेचाळीस फुटांचंच. हे भाच्याला सांगितल्यावर त्यानं टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत पावलं टाकून मापच घेतलं.

छत्र्यांनी तंबू सिलोनला नेला, त्याही पलीकडे आग्नेय आशियात नेला. 1880 च्या दशकाच्या अखेरीस ते मलबारात तलश्शेरीला गेले. तिथं किलेरी कुन्हिकण्णन नावाचे तालीम मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत होते. दोघांचं जमलं. किलेरींनी मुलं तयार करायची, छत्र्यांनी त्यांना तंबूत घ्यायचं. 1901 साली किलेरींनी सर्कशीची शाळाच काढली. पुढं सर्कस म्हटलं की लोक केरळचं नाव घेऊ लागले, आणि बीज कृष्णाकाठचं होतं हे कृष्णाकाठही विसरला. विष्णुपंतांची मला आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांची आबाळ झाली होती. विष्णुपंतांनी त्यांना आपल्या सर्कशीबरोबर ठेवलं, सांभाळलं, गावोगाव त्यांचं गाणं घडवलं. तंबूत हत्ती आणि बिऱ्हाडावर ख्याल. हे रहिमतखाँ 1922 साली इथून जवळच कुरुंदवाडला वारले.

भाचा ऐकत होता. मग म्हणाला, "पण मामा, ते तिकीट लावून गेले. आम्ही फुकट चाललोय."

खरं होतं. आपल्या लोकांनी परदेश गाठले ते पोटासाठी किंवा ईर्ष्येनं. दामू धोत्रे पुण्यातून निघाले, वाघ-बिबळ्यांना शिकवत अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूपर्यंत पोचले, तो धंदाच होता. फुकट जाणाऱ्यांची परंपरा अलीकडची. 1993 साली बार्सिलोनाच्या शाळकरी मुलांची क्रोएशियात इस्त्रियाच्या निर्वासित छावणीतल्या मुलांशी पत्रापत्री चालली होती. छावणीतल्या मुलांनी लिहिलं की आम्हाला इथं हसायला मिळत नाही. तोर्तेल पोल्त्रोना नावाचा कातालान विदूषक तिकडे गेला, खेळ केला, आणि त्यातून 'सीमा नसलेले विदूषक' ही संघटना उभी राहिली. ब्रिटनचे 'परफॉर्मर्स विदाउट बॉर्डर्स'वाले आपल्याकडेही येऊन गेले आहेत, रस्त्यावरच्या मुलांना चेंडू झेलायला आणि चाकावर तोल सांभाळायला शिकवून.

अशा मंडळींविषयी माझं मत पूर्वी फारसं बरं नव्हतं. गरिबाच्या पोराला भाकरी द्यायची सोडून चेंडू काय देता, असं वाटायचं. ते मत बदललं ते चिंचेखालच्या दोरीमुळं. कोपीतली एक मुलगी, असेल दहा वर्षांची, कडेवरचं भावंड खाली ठेवून दोरीला भिडली आणि तिसऱ्या संध्याकाळी उलटी होऊन दोन्ही हात सोडून लटकली. खाली उतरल्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तसं या पोरांना मी बघताना पाहिलं नव्हतं. ती खाली बघून बोलायची, ते थांबलं.

अंकलखोपहून परत भिलवडीला आलो आणि एसटीनं तासगाव. बेदाण्याच्या सौद्यांचं गाव. पटवर्धनांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ, त्याचं दक्षिणी धाटणीचं सात मजली गोपुर, आणि भाद्रपदात दोरांनी ओढला जाणारा रथ. तासगावनं एके काळी सर्कशी चालवल्या, कार्लेकरांची, परशुराम लायन. तिकडे मिरजेजवळ म्हैसाळच्या देवलांनीही तंबू मिरवला. एका तालुक्यातल्या दोन घरांत जावं आणि दोन्हीकडे आजोबा सर्कशीत होते असं ऐकू यावं, असे ते दिवस.

देवळाजवळ भेटलेले आबा त्यातलेच. ते कलावंत नव्हते. तंबू उभारणाऱ्या गड्यांत होते, पुढं झुल्याच्या जाळ्याचं काम त्यांच्याकडं आलं. कुठली सर्कस ते सांगितलं, पण नाव इथं नको. भाचा कुठं निघालाय हे ऐकल्यावर पहिला प्रश्न आला, "पगार किती?"

"पगार नाही आबा. आपल्याच खर्चानं जायचं."

"मग खाणार काय?"

"ते देतात जेवायला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. घरातल्या वडीलधाऱ्याचं लक्ष नाही, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मग भाच्याला म्हणाले, "गेल्या गेल्या खाली जाळं बांधलंय का ते बघ. आणि बांधलं असलं तर कुणी बांधलंय ते इचार. त्याच्या हाताखाली एक दिवस राहा. मग चढ वर."

जाळं नीट बांधायला किती वेळ लागतो ते त्यांनी उभं राहून सांगितलं. फार ताणलं तर पडणारा चेंडूवाणी उसळून बाहेर जातो. सैल ठेवलं तर पाठ जमिनीला लागते. रात्रीच्या दवानं दोर आवळतो, दुपारी ढिला पडतो, म्हणून प्रत्येक खेळाआधी पुन्हा बघायचं. झुलेवाल्यांच्या टाळ्या सगळ्यांना ऐकू येतात. जाळंवाल्याला वर बघायची चोरी, त्याची नजर खुंट्यांवर.

मग आपणहून म्हणाले, "लहान पोरं असायची आमच्यात. नेपाळची. एवढी एवढी. दलाल आणून सोडायचा, आईबापाच्या हातावर काहीतरी ठेवून. रात्री रडायची. आम्ही गप बसायचो." थोडं थांबून म्हणाले, "त्यांचं जाळं मी चांगलं बांधायचो."

सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी केली. बचपन बचाओ आंदोलनाची ती याचिका होती. भारतातल्या सर्कशींतून सुटून परत गेलेल्या अशाच काही मुलामुलींनी 2010 साली काठमांडूत स्वतःची सर्कस उभी केली, सर्कस काठमांडू. ब्रिटिश कलावंतांची मदत झाली. ज्या कसरती मार खाऊन शिकल्या त्याच कसरती त्यांनी पुढं स्वतःच्या मर्जीनं केल्या, 2014 साली इंग्लंडात ग्लास्टनबरीच्या महोत्सवात जाऊन केल्या, आणि मुलांच्या विक्रीविरुद्ध नेपाळातल्या गावांत ते त्याच कसरतींतून बोलले. त्यांच्यावर 'इव्हन व्हेन आय फॉल' नावाचा माहितीपट आहे. मी तो पाहिला तेव्हा मला बाजारातली ती दोरावरची पोरगी आठवली. तेच अंग, तीच कला. फरक एवढाच की दोर कुणाच्या मालकीचा, आणि खाली उतरायचं केव्हा हे कोण ठरवतं.

म्हैसाळला जायचं ठरलं होतं, पण तासगावातच दिवस कलला. मिरजेला मुक्काम केला आणि सकाळी परत फिरलो.

परतीच्या गाडीत भाच्यानं खरा प्रश्न काढला. महिनाभर शिकवून येऊन काय होणार? दोरीवर अढी घालायला शिकायलाच पंधरा दिवस जातात.

मी त्याला फलटणच्या मॅक्सीनबाईंचं सांगितलं. लोणंदहून फलटण किती जवळ, आता तर रेल्वेनंही जोडलंय, पण त्याला नुसतं नाव माहीत होतं. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, 1966 पासून फलटणला राहिल्या, मराठी आमच्यासारखी बोलू लागल्या, इथलं नागरिकत्व घेतलं. शाळेत न टिकणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून काम सुरू झालं आणि 1986 साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. भाचा म्हणाला, "म्हणजे मी कंबोडियातच राहू?" मी म्हटलं, तसं नाही रे. पण एकदा जाऊन फोटो काढून येणार असशील तर नको जाऊ.

दुसरं नाव त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दादरला शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे. मानद प्रशिक्षक, म्हणजे पगार नाही. 50 देशांतल्या पाच हजारांवर माणसांना त्यांनी मल्लखांब शिकवला. अंध मुली, अनाथ मुलं, आदिवासी मुलं यांना दोरीवर चढवलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधीची पिढी बघायची तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम दाखवून आलं होतं. ते दाखवायला गेले होते, देशपांडे शिकवायला जातात. अंध मुलीला मल्लखांब शिकवायचा म्हणजे करून दाखवण्याचा उपयोगच नाही. तिचा हात धरून दोरीवर ठेवावा लागतो, पाय धरून वळसा घालावा लागतो. भाचा म्हणाला, भाषा येत नसलेल्या पोरांनाही तसंच शिकवता येईल. आदर्कीच्या घाटात त्याचं जायचं पक्कं झालं.

सामानात लाकडी मल्लखांब नेता येत नाही. शिसवाचा किंवा सागाचा तो खांब, जमिनीवर साडेआठ फूट, त्याला एरंडेल चोळायचं, तो आपल्या मातीत पुरलेलाच बरा. दोरी मात्र गुंडाळली की पिशवीत मावते. पूर्वी याच जागी वेत वापरायचे. तसा लांब, चिवट वेत मिळेनासा झाला आणि सुती दोरी आली. भाच्यानं दोन नेल्या. विमानतळावर पिशवी उघडायला लावली आणि हे काय म्हणून विचारलं, तर त्यानं तिथंच पायाच्या बेचक्यात धरून दाखवली.

तिकडून तो फोन करायचा. बॅटमबँग भागातली खेडी, भातखाचरं, पाट. पहिल्या आठवड्यात त्याचा आवाज जरा पडलेला होता. तिथली पोरं याच्यापेक्षा लवचीक निघाली. मग कळलं, त्या भागात सर्कस नवी नव्हती. फारे पोन्लू सेल्पाक नावाची संस्था तिथलीच. ख्मेर रूजच्या काळातून वाचलेली मुलं थायलंडच्या सीमेवर साइट टू छावणीत वाढली. वेरोनिक देक्रोप ही फ्रेंच बाई त्यांना चित्रं काढायला शिकवायची. छावणी संपल्यावर त्यातल्या नऊ तरुणांनी तिच्या साथीनं 1994 साली बॅटमबँगला शाळा काढली. आधी चित्रकला, मग संगीत, 1998 पासून सर्कस. 2013 पासून सिएम रीपला त्यांचा तंबू लागतो, अंगकोर बघायला आलेले प्रवासी तिकीट काढून येतात आणि तो पैसा शाळेकडं जातो. भाचा त्यांचा खेळ बघून आला आणि रात्री मला म्हणाला, "मामा, यांना शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज राहिलेली नाही. आता हेच शिकवतात."

"मग तू काय करतोस?"

"मी अढी दाखवतो, ते मला हातावर उभं राहायला शिकवतात. संध्याकाळी खेळात त्यांच्यातलं सगळ्यात धाकटं पोर माझ्या डोक्यावर उभं असतं."

आणि जाळं? जाळं नव्हतं. भाताच्या पेंढ्याचा थर देऊन वर गोणपाट शिवलं होतं. आबांचा निरोप लक्षात ठेवून त्यानं ते कुणी केलं ते विचारलं आणि त्या माणसाबरोबर एक दुपार पेंढा भरला.

दोऱ्या दोन्ही तिथंच ठेवून आला. विदूषकाचं नाक घेऊन आला, ते त्याच्या आईनं देवघराच्या फळीवर ठेवलंय, का ते विचारू नये.

तो परतला तेव्हा हंगामाचा शेवट आला होता. कोप्या निघायच्या आधी चार-पाच संध्याकाळी मिळाल्या. नवी दोरी आणली, चिंचेला बांधली, खाली पाचट पसरून ताडपत्री अंथरली. ती दहा वर्षांची पोरगी आता धाकट्यांना चढवत होती, आणि पाय धरून वळसा कसा घालायचा हे तिला सांगावं लागत नव्हतं. मुकादमाला विचारलं, पुढच्या वर्षी टोळी इथंच येणार ना? तो म्हणाला, काय सांगता येत नाही, कर्नाटकातल्या कारखान्याची उचल जास्त आहे. कुठला कारखाना? बघू, दसऱ्याला ठरतं.

भाच्यानं त्याचा नंबर घेतला. कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत लोणंदहून गाडी कुठं बदलायची, हे तो आता मला विचारत असतो. मी त्याला मिरज सांगितलंय.